जुन्या बाजारातल्या बुटांपासून पेशवाई नाटकातल्या साहेबाचे बकलाचे बूट कसे करायचे

पेशवाईवरचं नाटक बसवताना पगड्या, अंगरखे, शेले यावर सगळ्यांचा जीव असतो, ड्रेपरीवाल्याकडून ते बऱ्यापैकी मिळतंही. पण त्याच नाटकात ईस्ट इंडिया कंपनीचे साहेब लोक येतात तेव्हा अंगात झकास कोट, डोक्यावर पांढरा विग आणि पायात मुलाखतीला घालतो तसले फीतवाले काळे बूट. पहिल्या दोन-तीन रांगांतल्या लोकांच्या डोळ्यांसमोर रंगमंचाची फळी असते, म्हणजे त्यांना सगळ्यात जवळून दिसतात ते पायच. त्यामुळे कपडेपटाचं काम नव्याने करणाऱ्या मुलामुलींसाठी हे सगळं नीट लिहून ठेवतोय. सेकंडहँड बूट, जुनी लेदर पर्स, थोडं चामडं चिकटवायचं सोल्यूशन आणि एक-दोन निवांत रविवार एवढ्यात जमतं.

सगळ्यात आधी दिग्दर्शकाला प्रसंगाचं साल विचारा. हे खरंच पहिलं काम आहे. युरोपात पुरुषांच्या बुटांना बक्कल लावायची पद्धत साधारण 1660 च्या सुमारास आली. लंडनच्या सॅम्युअल पेप्सने 22 जानेवारी 1660 ला रोजनिशीत नोंद केलीये की आजपासून मी बुटांना बकलं लावायला लागलो. नंतर शंभर-सव्वाशे वर्षं बकलाचंच राज्य होतं, आणि 1790 च्या आसपास फितींची फॅशन आल्यावर बक्कल झपाट्याने मागे पडलं, इतकं की 1791 च्या सुमारास बर्मिंगहॅम भागातले बक्कल बनवणारे कारागीर धंदा बसला म्हणून थेट प्रिन्स ऑफ वेल्सकडे अर्ज घेऊन गेले होते. म्हणजे वडगावची लढाई 1779 ची, तिथे बक्कल बरोबर. चार्ल्स मॅलेट 1786 पासून पुण्यात रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांकडे कंपनीचा वकील होता आणि टिपूविरुद्धचा तह झाला 1790 मध्ये, तिथेही बक्कल अगदी बरोबर, उलट तेव्हा बकलं चांगली मोठी आणि आयताकृती असायची. पण 1817 ची खडकीची लढाई आणि एल्फिन्स्टन असेल तर रोजच्या वापरातून बक्कल गेलेलं होतं, तिथे उंच बूट द्या. आणि मराठी पात्रांसाठी या लेखातलं काहीच करू नका, त्यांना सरळ पुणेरी जोडे किंवा चांगली कोल्हापुरी द्या, शिवाय दरबारात बैठकीवर बसलेल्यांच्या पायात तर काहीच नको.

मी खाली 1790 चा पुरुषांचा बूट धरून सांगतोय, बायकांचा नंतर थोडक्यात.

बूट निवडणं

मला विचाराल तर निम्म्याहून जास्त काम इथेच होतं. बुटाची टाच आणि बुटाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, या दोन गोष्टी घरी बदलता येत नाहीत. रंग बदलतो, पट्टे लावता येतात, जीभ वाढवता येते, पण टोक चौकोनी असेल तर ते चौकोनीच राहणार आणि सोल स्पोर्ट्स शूजसारखा जाड असेल तर तो कितीही रंगवा, कळतोच. म्हणून बाजारात गेलात की बाकी काही न बघता आधी बूट बाजूने धरून बघा. टाच साधारण अडीच-तीन सेंमीची, वेगळी दिसणारी हवी, सोल पातळ हवा आणि टोक साधं, गोलसर. टोकावर वेगळा तुकडा शिवलेला नको, भोकाभोकांची नक्षी तर अजिबात नको.

टोक गोलसर का, तर त्या काळात डावा-उजवा असा वेगळा बूट नसायचाच, दोन्ही एकाच सरळ फर्म्यावर, म्हणजे बूट ज्यावर बेततात त्या पायाच्या आकाराच्या साच्यावर बनायचे. डावे-उजवे फर्मे परत रुळले ते 1800 च्या आसपास. आपल्याला नटाच्या पायाला फोड आणायचे नाहीयेत त्यामुळे डावा-उजवाच वापरायचा, फक्त ज्याचं टोक आतल्या बाजूला फारसं वळलेलं नाही असा जोड शोधा, लांबून सरळच वाटतो.

प्रकार कुठला घ्यायचा तर डर्बी. म्हणजे ज्यात फिती ओवायच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या भागावर वरून शिवलेल्या असतात आणि फीत काढली की त्या दोन्ही बाजूंना पूर्ण उघडतात. ऑक्सफर्ड प्रकारात त्या पट्ट्या पुढच्या भागाच्या खाली शिवलेल्या असतात, तो कापायला गेलात की अख्खा बूट ढिला पडतो. लोफर म्हणजे बिनफितीच्या बुटापासूनही करता येतं, पण त्याला पट्टा शिवायला मुळात काही आधारच नसतो, पहिल्याच वेळी त्याच्या वाटेला जाऊ नका.

पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहेच, मुंबईकरांसाठी कामाठीपुऱ्याजवळची दीड गल्ली आहे जिथे शुक्रवारी पहाटे जुन्या बुटांचा बाजार भरतो आणि उजाडल्यावर थोड्या वेळात आवरतो, त्यामुळे उशिरा जाऊन उपयोग नाही. बॅटरी घेऊन जा. बूट हातात घेतला की सोलच्या कडेला नख जोरात दाबा. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) सोल असेल आणि बूट बरीच वर्षं पडून असेल तर आपल्याकडच्या दमट हवेत तो आतून कुजतो, वरून नवा कोरा दिसतो आणि घालून चाललं की तुकडे पडतात. नख रुतलं किंवा भुगा आला तर बूट कितीही छान असला तरी खाली ठेवा. मग टाच बघा, एकाच बाजूने झिजली असेल तर नट तिरका चालेल. शेवटी चामडं बघा, आतली कापलेली कड दिसते तिथे तंतू दिसले तर चामडं, कापडावर प्लॅस्टिकचा थर दिसला तर रेक्झिन. रेक्झिनला रंग धरत नाही आणि कापलेली कड उसवते. माप नटाच्या मापापेक्षा अर्ध्या नंबरने मोठं चालेल, कारण आत जाड मोजे आणि नवीन सुखतळ, म्हणजे आतला मऊ तळ येणार.

एक विनंती. घरात आजोबा-पणजोबांचे हाताने शिवलेले जुने बूट असतील तर ते कापू नका. तसले बूट आता परत बनत नाहीत, ते पुसून, आत कागद भरून ठेवून द्या. कापायला बाजारातला कारखान्यातला जोड भरपूर मिळतो.

साफसफाई

यात फार काही नाही पण टाळू नका. जुना सुखतळ काढून फेका. आतून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, मग सर्जिकल स्पिरिट लावलेल्या फडक्याने, बुरशी असेल तर हे घराबाहेर आणि मास्क लावून करा. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत दोन दिवस वाळवा. उन्हात ठेवलं की चामडं कडक होऊन तडकतं.

कापायच्या आधीचा नमुना

आता थेट कात्री चालवायची नाही. अख्ख्या बुटाला बाहेरून मास्किंग टेप चिकटवा, तुकड्या-तुकड्याने, एकावर एक चढवत, सुरकुती न पडू देता. मग पेन्सिलने टेपवरच नवीन आकार काढा. काय काढायचं ते सांगतो. फितीच्या पट्टीचा फक्त वरचा साधारण तीन सेंमी भाग ठेवायचा, तोच पुढे पट्टा होणार. त्याच्या खालचा भाग गोलाईत कापत बाजूच्या शिवणीपर्यंत न्यायचा, म्हणजे घोट्याच्या पुढे एक छोटी फट तयार होते आणि आतला मोजा जरासा दिसतो. ही फट फार महत्त्वाची आहे, ती असली की बूट एकदम जुना वाटायला लागतो. फार मोठी मात्र नको, ती शंभर वर्षं आधीची स्टाइल.

रेषा मनासारखी झाली की टेप ब्लेडने रेषेवरून हलकेच कापून सोलून काढा, कार्डबोर्डवर सपाट चिकटवा आणि आकार कापून घ्या. हाच नमुना उलटा करून दुसऱ्या बाजूला आणि दुसऱ्या बुटाला वापरायचा. नजरेने चारही बाजू सारख्या कापायला कुणालाच जमत नाही.

कापणं आणि पट्टे

चामडं कापायला धारदार रापी (मोच्याची सुरी) किंवा नवीन ब्लेडचा कटर. आधी अस्तर आणि चामडं यांच्यामधली शिवण कुठून जाते ते बघा, ती कापली जाणार असेल तर कापून झाल्यावर कडेला आत जरा सोल्यूशन लावून दोन्ही थर परत चिकटवा. फितीची भोकं असलेली पुढची दीड सेंमी कड पूर्ण उडवून टाका. धातूच्या रिंगा त्या काळात नव्हत्याच, त्या आल्या 1820 च्या दशकात, त्यामुळे एकही रिंग दिसता कामा नये.

आता नवीन पट्टे. जुन्या लेदर पर्सचं चामडं यासाठी उत्तम, पातळ असतं पण ताणत नाही. जुन्या बाजारात पर्सही मिळतात, बुटाच्या जवळपास रंगाची बघा, नाहीतर सगळंच रंगवायचंय. प्रत्येक बुटाला दोन पट्टे, बुटाच्या कापलेल्या टोकाखाली दोन सेंमी आत सरकवून चिकटवायचे आणि मग दोन ओळी शिवायच्या. लांबी अशी ठेवा की नटाने मोजे घालून बूट घातल्यावर दोन्ही पट्टे पायाच्या मध्यावर एकमेकांवर चार सेंमी तरी येतील. त्यापेक्षा थोडे लांबच कापा, नंतर कमी करता येतात. टोकाकडे पट्टा थोडा निमुळता करा म्हणजे बकलात सहज जातो.

चिकटवायला फेविकॉल एसआर 998 किंवा मोची काका वापरतात ते सोल्यूशन. दोन्ही चामड्यांचा गुळगुळीत भाग आधी पॉलिश पेपरने खरवडून घ्या, दोन्हीकडे पातळ हात मारा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. बहुतेक नवशिक्यांची घाई इथे होते, ओलं असतानाच चिकटवतात आणि प्रयोगात पट्टा सुटतो. चिकटवून लाकडी हातोडीने ठोका.

शिवताना आरीने (मोच्याच्या टोच्याने) आधी भोकं पाडून घ्या, साधारण तीन-चार मिमी अंतरावर. जाड नायलॉनचा किंवा सुती दोरा मेणावरून दोन-तीनदा ओढा, दोन्ही टोकांना सुया ओवा आणि प्रत्येक भोकातून दोन्हीकडून एकेक सुई घाला. असा टाका एका जागी तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही. आतल्या बाजूला हात पोचत नसेल तर नाद सोडा आणि नाक्यावरच्या मोची काकांकडे जा. पण भोकं पाडून, चिकटवून न्या आणि मोबाइलवर फोटो दाखवा, तोंडी सांगून हे कुणाच्या लक्षात येत नाही. त्यांचे पैसे घासाघीस न करता द्या. अशा कामात त्यांच्याकडून जे शिकायला मिळतं ते व्हिडिओ बघून मिळत नाही, माझी रापी धरायची सवय तिथेच लागली.

जीभ, म्हणजे फितींखालचा चामड्याचा तुकडा, बहुतेक वेळा आखूड आणि मऊ असते. पर्सच्याच चामड्याचे दोन थर चिकटवून ती वाढवा, पट्ट्याच्या वर दोनेक सेंमी दिसली पाहिजे. प्रसंग 1700-1720 चा असेल तर जीभ चांगली उंच आणि चौकोनी करा.

बक्कल

आता मजा. त्या काळी बक्कल बुटाला कायमचं शिवलेलं नसायचं. ते दागिन्यासारखं वेगळं असायचं, एका बुटाचं काढून दुसऱ्याला लावायचं, श्रीमंतांचं चांदीचं किंवा काचेचे खडे बसवलेलं, साध्या माणसाचं पितळेचं किंवा पोलादी. चौकटीच्या मधून एक दांडी जाते, दांडीवर मागच्या बाजूने दोन हलते भाग, एकाला दात. एक भाग खालच्या पट्ट्यात रुततो, दुसऱ्याचे दात वरच्या पट्ट्यातून जातात आणि चौकट या सगळ्याच्या वर दिमाखात बसते. 1789 मध्ये फ्रान्समध्ये लोकांनी आपली चांदीची बकलं देशासाठी दान केली होती, म्हणजे बघा त्याला किती किंमत होती.

आपल्याला तेवढी यंत्रणा लागत नाही. मध्ये दांडी असलेलं मोठं बक्कल पुरतं, रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला किंवा मुंबईत भुलेश्वरला बेल्ट-पर्सचं सामान विकणाऱ्या दुकानांत बघा. 1790 साठी सात-आठ सेंमी लांब आणि पाच-सहा सेंमी रुंद. पण विकतची बकलं सपाट असतात आणि जुनी बकलं पायाच्या उंचवट्याप्रमाणे कमानदार असायची. सपाट बक्कल पायावर तरंगल्यासारखं दिसतं आणि कडा टोचतात. पितळेचं असेल तर फडक्यात गुंडाळून पाइपवर ठेवून हळूहळू ठोकून वाकवा. ओतीव मिश्र धातूचं स्वस्त बक्कल वाकवायला गेलात तर मोडतं, तसलं असेल तर घरीच बनवलेलं बरं.

घरी असं बनवा. जाड तारेची आयताकृती चौकट, मधल्या दांडीसकट, पक्कडीने वाकवून काचेच्या बाटलीवर ठेवून कमान द्या. बाटलीला आधी प्लॅस्टिक गुंडाळा. मग एम-सील मळून तारेवर चढवा, कडा ओल्या बोटाने गुळगुळीत करा, ओलं असतानाच टूथपिकने रेघा किंवा ठिपक्यांची नक्षी काढा, खडे बसवायचे तर तेही आत्ताच दाबा. रात्रभर बाटलीवरच राहू द्या. सकाळी पॉलिश पेपर मारून आधी काळा रंग आणि वर चंदेरी रंग कोरड्या ब्रशने फक्त उंच भागावर. नुसता चंदेरी फासला तर रंगमंचाच्या दिव्यात ते कागदी मखरासारखं दिसतं.

बसवताना एक पट्टा दांडीवरून दुमडून आत शिवून टाका. दुसरा पट्टा चौकटीखालून घ्या आणि त्याला खाली वेल्क्रो किंवा छुपं इलॅस्टिक. प्रेक्षकाला फक्त बक्कल दिसतं आणि नटाला विंगेत दहा सेकंदांत बूट चढवता येतो. जवळून फोटो काढायचे असतील तर मात्र वेल्क्रो नको, तिथे खरोखर दोन्ही पट्टे बकलातून ओवा.

रंग आणि पॉलिश

जुनं चकचकीत फिनिश थिनर किंवा अ‍ॅसिटोनने काढा, खिडक्या उघड्या आणि हातात ग्लोव्ह्ज. मग चामड्याचा काळा रंग, दोन-तीन पातळ हात. फॅब्रिक किंवा अ‍ॅक्रिलिक रंग वापरणार असाल तर फारच पातळ लावा आणि प्रत्येक हाताआधी बूट वाकवून बघा, जाड थराला पायाच्या घडीवर चिरा पडतात. कापलेल्या कडा आणि सोलची कडही काळी करा. शेवटी डबीतलं मेणाचं पॉलिश, लिक्विड नको. त्या काळचे बूट बऱ्याचदा चामड्याची आतली खरखरीत बाजू बाहेर करून मेण-काजळीने काळे केलेले असायचे, त्यामुळे आरशासारखी चमक काढू नका. लाल टाच बऱ्याच जणांना हवी असते, पण ती फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबाराची खूण, पुण्यात संगमावरच्या रेसिडेन्सीत राहणाऱ्या कंपनीच्या माणसाला ती शोभत नाही.

बायकांचा बूट

इथे पट्ट्यांपेक्षा कापड चढवण्याचं काम जास्त. टाच चार-पाच सेंमीची, कमरेत बारीक आणि खाली जरा पसरणारी बघा, सरळ काडीसारखी हिल चालत नाही. आजचे कोर्ट शूज पुढून फार उघडे असतात, म्हणून घोट्यापर्यंत बंद असलेला जुना बूट घेऊन तो वरून कापून खाली आणणं मला जास्त सोपं वाटतं. तोच मास्किंग टेपचा नमुना, पण तीन तुकड्यांत, एक पुढचा आणि दोन बाजूंचे, सगळीकडे एक सेंमी जास्त. कापडाला मागून पातळ सुती कापड चिकटवा नाहीतर सोल्यूशनचा डाग वर येतो. बूट खरवडा, कापड पुढून मागे ताणत बसवा आणि जास्तीची कड बोथट सुरीने सोल आणि अप्पर (बुटाचा वरचा भाग) यांच्या फटीत खोचा. टाचेला वेगळा तुकडा, त्याचा जोड टाचेच्या आतल्या, पायाच्या तळव्याकडच्या बाजूला घ्या. वरच्या कडेला सेंमीभर रुंदीची रिबीन दुमडून हाताने शिवा. सोलच्या वर सगळीकडून एक बारीक पांढरी रेघ काढा, त्या काळच्या बायकांच्या कितीतरी बुटांना तिथे पांढऱ्या चामड्याची पट्टी असायची आणि एवढ्या एका रेघेने बूट खरा वाटतो.

कापड म्हणून आईचा जुना शालू समोर येतोच. बुट्टा अगदी बारीक असेल तर वापरा, पण खण किंवा पैठणीचा मोर नको, आपल्या प्रेक्षकाला तो लांबूनही ओळखू येतो आणि मॅडम एकदम येवल्याच्या वाटतात. साधं एकरंगी सॅटिन सगळ्यात सुरक्षित.

तालमीत

बूट रंगीत तालमीला पहिल्यांदा देऊ नका, आठवडाभर आधी द्या. टाच आली की चाल बदलते, नट गुडघे वाकवून चालायचा थांबतो, वाकून नमस्कार करताना एक पाय पुढे टाकायला लागतो, त्याला हे अंगवळणी पडायला वेळ हवा. टाचेखाली पातळ रबर लावून घ्या, नाहीतर लाकडी फळीवर टक टक आवाज माइकमध्ये येतो. पुढच्या तळव्यालाही रबराचा हाफ सोल लावा म्हणजे घसरत नाही. मोजे पांढरे, गुडघ्याच्या वरपर्यंत आणि बिनरेघांचे, फुटबॉलचे नकोत. पुरुषांना बायकांच्या जाड पांढऱ्या स्टॉकिंग्ज छान बसतात.

प्रयोग संपला की बकलं काढून वेगळ्या पिशवीत ठेवा, बुटात कागद भरा आणि आतल्या बाजूला पेनाने माप आणि साल लिहा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून हवा दाखवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका. बकलं तर पुढच्या नाटकात दुसऱ्या जोडावरही चढतील.